तेरा लाखांच्या देशाकडे पन्नास कोटींची खुर्ची

वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १३ लाख ७७४ भरली. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांची ही बेरीज. आता हा आकडा डोक्यात ठेवून थेट बाल्टिक समुद्राच्या काठी चला. तिथं एस्टोनिया नावाचा देश आहे. स्वतःची भाषा, स्वतःची संसद, स्वतःचं सैन्य, सगळं काही आहे. आणि माणसं किती? तीही १३ लाखांच्याच घरात!

या एवढ्याशा देशानं १ जुलै ते ३१ डिसेंबर २०१७ असे सहा महिने युरोपीय महासंघाच्या मंत्रिपरिषदेचं अध्यक्षपद सांभाळलं. महासंघात तेव्हा २८ देश होते आणि ५० कोटींहून अधिक माणसं. जर्मनीचा मंत्री, फ्रान्सचा मंत्री, इटलीचा मंत्री टेबलाभोवती बसलेले. कुठला विषय आधी घ्यायचा, कोणाला कधी बोलू द्यायचं, कायद्याच्या मसुद्यातलं कुठलं वाक्य बदलून पाहायचं, हे सगळं ठरवणार एस्टोनियाचा मंत्री. आपल्या आठ तालुक्यांएवढ्या लोकांचा प्रतिनिधी!

हे पद एस्टोनियानं निवडणूक लढवून मिळवलं का? नाही. पैसा ओतला का? तेही नाही. पाळी आली, एवढंच.

खरं म्हणजे ती पाळीही त्यांची नव्हती. २०१७च्या उत्तरार्धात अध्यक्षपद ब्रिटनकडे जायचं होतं. पण २३ जून २०१६ला ब्रिटिश जनतेनं महासंघ सोडण्याच्या बाजूनं कौल दिला. घर सोडायला निघालेल्यानं घराचा कारभार कसा हाकायचा? महिन्याभरात ब्रिटननं पाळी सोडून दिली. मग काय करायचं? महासंघानं साधा मार्ग काढला. रांगेत मागं उभे असलेले सगळे देश एकेक घर पुढं सरकले. एस्टोनियाची पाळी जानेवारी २०१८ला सुरू व्हायची होती, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचा मुहूर्त साधून. ती सहा महिने अलीकडे आली आणि तयारीची वेळ तेवढीच कमी झाली. तरी त्यांनी ती निभावली. जगातलं तेव्हाचं एक अव्वल श्रीमंत राष्ट्र रांगेतून बाहेर पडलं आणि त्याच्या जागी १३ लाखांचा देश उभा राहिला, तरी कारभार एक दिवस अडला नाही. मला तर या गोष्टीचं आश्चर्य अजून ओसरत नाही.

ही पाळीची कल्पना आली कुठून? त्यासाठी १९५२ सालात जावं लागतं. दुसरं महायुद्ध संपून जेमतेम सात वर्षं झाली होती. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी आपला कोळसा आणि पोलाद एका समान व्यवस्थेखाली आणलं. रणगाडे आणि तोफा ज्यापासून बनतात तेच सामायिक केलं, की एकमेकांवर चालून जाणं अवघड होतं, हा त्यामागचा विचार. या व्यवस्थेच्या मंत्रिपरिषदेत अध्यक्ष कोण, हा प्रश्न आलाच. फ्रान्सला जर्मनी चालणार नव्हता आणि लहान देशांना दोघांचीही धास्ती. करारात उत्तर लिहिलं होतं: दर तीन महिन्यांनी अध्यक्ष बदलेल आणि क्रम वर्णानुक्रमानं लागेल. करार फ्रेंच भाषेत होता. फ्रेंचमध्ये जर्मनीला ‘आलमान्य’ म्हणतात. म्हणजे पहिलाच नंबर जर्मनीचा!

सप्टेंबर १९५२मध्ये लक्झेंबर्गला परिषदेची पहिली बैठक भरली आणि अध्यक्षाच्या जागी बसले जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर. ज्या देशाच्या फौजांनी बारा वर्षांपूर्वी या टेबलाभोवतीच्या चार देशांवर चाल केली होती, त्याच देशाचा नेता आता त्यांना बोलण्याची परवानगी देत होता. कोणी उदारपणा दाखवला म्हणून हे घडलं नाही. नियमच तसा होता, आणि नियमाला कोणाचा इतिहास दिसत नव्हता.

पुढं १९५८पासून मुदत सहा महिन्यांची झाली, आणि प्रत्येक देशाचं नाव त्याच्या स्वतःच्या भाषेत धरायचं ठरलं. मग बेल्जियम पहिला आणि ‘डॉइचलँड’ म्हणून जर्मनी दुसरा. आपल्या भिशीत जशी ज्याची त्याची पाळी ठरलेली असते, तसंच हे. फरक एवढाच की भिशीत पाळी आली की पैसे हातात पडतात, इथं पाळी आली की काम अंगावर पडतं.

आता एक गंमत पाहा. १९८६मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले आणि सदस्य झाले बारा. बारा देश, प्रत्येकाला सहा महिने, म्हणजे एक फेरी बरोबर सहा वर्षांची. मग अडचण काय? अडचण अशी की फेरी पूर्ण वर्षांची असेल, तर ज्याला एकदा जानेवारी ते जून मिळालं, त्याला कायम जानेवारी ते जूनच मिळणार! आणि वर्षाचे दोन्ही अर्धे सारखे नसतात. शेतमालाच्या दरांची मोठी घासाघीस वर्षाच्या पहिल्या अर्ध्यात चाले, अंदाजपत्रक वर्षाच्या शेवटी. शिवाय उत्तरार्धातला ऑगस्ट युरोपात जवळजवळ सुट्टीतच जातो. मग त्यांनी काय केलं? दुसऱ्या फेरीत जोड्यांची अदलाबदल केली. बेल्जियम-डेन्मार्क असा क्रम होता, तो १९९३मध्ये डेन्मार्क-बेल्जियम झाला. जर्मनी-ग्रीस होता, तो १९९४मध्ये ग्रीस-जर्मनी झाला. किती साधी युक्ती! आज सदस्य २७ आहेत. २७ अर्धवर्षं म्हणजे साडेतेरा वर्षं. संख्या विषम असल्यामुळे फेरी फिरून आली की अर्धं आपोआप बदलतं. कोणाला काही करावंच लागत नाही.

वर्णानुक्रम मात्र १९९५मध्ये सुटला. नावं अशी पडली की कधी कधी लहान देशच ओळीनं यायचे, कधी मोठे. आता मोठे-लहान, जुने-नवे, उत्तरेचे-दक्षिणेचे असे मिसळून क्रम लावतात आणि तीन-तीन देशांचा गट करतात. तिघं मिळून अठरा महिन्यांचा कार्यक्रम आखतात, म्हणजे दर सहा महिन्यांनी गाडी रुळावरून उतरत नाही. एस्टोनियाच्या गटात बल्गेरिया आणि ऑस्ट्रिया होते.

आता प्रत्यक्ष बैठकीच्या खोलीत जाऊ, कारण खरी मौज तिथं आहे.

ब्रुसेल्समध्ये भलंमोठं टेबल आहे. (एप्रिल, जून आणि ऑक्टोबरात मंत्री लक्झेंबर्गला जमतात, तोही एका जुन्या वाटाघाटीचा वारसा.) टेबलाभोवती देश कसे बसतात? मोठे पुढं, लहान मागं? नाही. अध्यक्षपदाचा जो क्रम आहे, त्याच क्रमानं खुर्च्या लागतात. त्यामुळे १ जानेवारी आणि १ जुलै उजाडला की सगळ्या युरोपचे मंत्री एकेक जागा सरकतात! या सहामाहीत जर्मनीचा शेजारी जो असेल तो पुढच्या सहामाहीतही शेजारीच, पण खिडकी किंवा दार मात्र बदललेलं.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे अध्यक्ष देशाला त्या खोलीत दोन जागा असतात. एका खुर्चीत अध्यक्ष बसतो. दुसरीत त्याच देशाचा दुसरा माणूस बसतो आणि देशाची बाजू मांडतो. का? कारण अध्यक्षानं त्या सहा महिन्यांत आपल्या देशासाठी भांडायचं नसतं, सगळ्यांना मान्य होईल असा मार्ग शोधायचा असतो. म्हणजे एकाच देशाचे दोघं एकाच टेबलावर: एक हट्ट धरणारा, दुसरा समजूत काढणारा. अध्यक्षाला जादा मतही नसतं. बहुतेक निर्णयांना २७पैकी किमान १५ देशांचा आणि एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्क्यांचा पाठिंबा लागतो. या हिशेबात एस्टोनियाचं वजन हजारात तीन. मत एवढंसं, पण हातोडा त्याच्या हाती!

गाडं अडलं की अध्यक्ष एक जुना उपाय करतो. बैठक थांबवतो आणि एकेका देशाच्या प्रतिनिधीला बाजूच्या खोलीत एकट्याला बोलावतो. तिथं विचारतो, ‘सगळ्यांसमोर जे बोललात ते ठीक. आता खरं सांगा, कुठपर्यंत यायला तयार आहात?’ ब्रुसेल्सच्या बोलीत या भेटींना चर्चमधल्या पापकबुलीचं नाव आहे. प्रत्येकाचं गुपित फक्त अध्यक्षाला ठाऊक होतं. त्या गुपितांच्या बेरजेतून तो नवा मसुदा लिहितो आणि पहाटेच्या सुमाराला पुन्हा सगळ्यांपुढं ठेवतो. आता सांगा, या कामाला कोण जास्त बरं? बलाढ्य देश, की ज्याच्याकडे मन मोकळं करायला कोणाला भीती वाटत नाही असा लहान देश?

माशांचं उदाहरण घ्या. दर डिसेंबरात महासंघाचे मत्स्यमंत्री जमतात आणि पुढच्या वर्षी कोणत्या समुद्रात कोणी किती टन मासे पकडायचे याचे वाटे ठरवतात. कॉड, हेरिंग, मॅकरेल, एकेका जातीवरून रात्रभर ओढाताण चालते, कारण त्यावर कुठल्या तरी बंदरातली घरं चालत असतात. डिसेंबर २०२२मध्ये या बैठकीचा अध्यक्ष कोण होता? चेक प्रजासत्ताक. नकाशा उघडून बघा. या देशाला समुद्रच नाही! आपल्या वर्ध्यासारखाच चहूकडून जमिनीनं वेढलेला. आणि तरीही तोच स्पेनच्या, फ्रान्सच्या, डेन्मार्कच्या मच्छीमारांचे वाटे ठरवायला मध्यस्थ म्हणून बसला आणि करार झाला. ज्याची स्वतःची होडीच समुद्रात नाही, त्याच्यावर पक्षपाताचा आरोप करायचा तरी कसा?

अजून एक नवल. २०१०च्या उत्तरार्धात पाळी बेल्जियमची होती आणि बेल्जियममध्ये पूर्ण अधिकारांचं सरकारच नव्हतं. एप्रिलमध्ये सरकार पडलेलं, जूनमध्ये निवडणूक झालेली, आणि नवं सरकार यायला डिसेंबर २०११ उजाडला. मधल्या काळात काळजीवाहू मंत्र्यांनी युरोपच्या बैठका चालवल्या, आणि चांगल्या चालवल्या असंच पुढं सगळ्यांनी मान्य केलं. कारण मंत्री हा फक्त वरचा थर. त्याच्याखाली दीडशेहून अधिक समित्या आणि कार्यगट असतात. बहुतेकांवर अध्यक्ष देशाचा अधिकारी बसतो आणि बरेचसे मुद्दे तिथंच मिटतात.

मग या खुर्चीचा दुरुपयोग होत नाही का? होऊ पाहतो. १ जुलै २०२४ला हंगेरीची पाळी सुरू झाली आणि पाचव्याच दिवशी त्यांचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान मॉस्कोला पुतिन यांना भेटायला पोहोचले. बाकीच्या देशांनी लगेच सांगितलं की महासंघाच्या वतीनं बोलायचा अधिकार यांना कोणी दिलेला नाही. मग हंगेरीत भरणाऱ्या अनौपचारिक बैठकांना अनेक देशांनी मंत्र्यांऐवजी अधिकारी धाडले, आणि परराष्ट्रमंत्र्यांची बैठक बुडापेस्टहून ब्रुसेल्सला हलवली गेली. खुर्ची काही काढून घेतली नाही. ३१ डिसेंबरला ती आपोआप सुटणारच होती. पाळीच्या पद्धतीचा हा मोठा गुण मला वाटतो: वाईट अध्यक्षही सहा महिन्यांचाच.

या खुर्चीपर्यंत आपलीही माणसं पोहोचली आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल? २०१३च्या पूर्वार्धात आयर्लंडची पाळी होती आणि तिथले वाहतूकमंत्री होते लिओ वराडकर. वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. म्हणजे युरोपच्या रेल्वे, विमानं आणि रस्त्यांवर चर्चा करणाऱ्या मंत्र्यांचं अध्यक्षपद त्या सहा महिन्यांत वराडच्या एका डॉक्टरांच्या मुलाकडे होतं. पुढं ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९मध्ये वराडला येऊनही गेले.

दुसरे अंतोनियो कोश्ता. घराणं गोव्यातल्या मडगावचं, वडील ओर्लांदो द कोश्ता हे लेखक, आणि मुलाचं घरातलं लाडकं नाव बाबूश. २०२१च्या पूर्वार्धात पोर्तुगालची पाळी आली तेव्हा पंतप्रधान कोश्ता होते. ८ मे २०२१ला पोर्तोमध्ये भारत आणि महासंघाच्या नेत्यांची बैठक झाली. कोविडची दुसरी लाट ऐन भरात असल्यानं नरेंद्र मोदी पडद्यावरून बोलले. २०१३पासून थांबलेल्या व्यापार कराराच्या वाटाघाटी पुन्हा सुरू करायचं त्या दिवशी ठरलं.

आणि इथं एक योगायोग असा आहे की कादंबरीत कोणी लिहिला तर आपण विश्वास ठेवणार नाही. पंतप्रधान-राष्ट्राध्यक्षांची जी वेगळी, सर्वोच्च युरोपीय परिषद असते, तिचं अध्यक्षपदही पूर्वी असंच पाळीनं फिरायचं. ते बंद करून अडीच वर्षांचा पूर्णवेळ अध्यक्ष नेमायचं ज्या करारानं ठरलं, त्यावर १३ डिसेंबर २००७ला सह्या झाल्या. कुठं? लिस्बनमध्ये. तेव्हा पाळी कोणाची होती? पोर्तुगालची. आणि त्या वेळी लिस्बनचे महापौर कोण होते? अंतोनियो कोश्ता! त्या करारानं निर्माण केलेलं तेच पद १ डिसेंबर २०२४पासून कोश्तांकडे आलं. खालच्या, मंत्र्यांच्या परिषदेत मात्र पाळी अजून चालूच आहे.

आता घराकडे वळू. भारतालाही अशी पाळी मिळाली होती. १ डिसेंबर २०२२ ते ३० नोव्हेंबर २०२३ या वर्षात आपण जी-२०चे अध्यक्ष होतो. जी-२० हा महासंघ नव्हे, त्याला कायदे करता येत नाहीत. किंबहुना त्याला स्वतःचं कायम कार्यालयसुद्धा नाही! ज्याची पाळी, त्याचेच अधिकारी, त्याचीच सभागृहं. आधीचा, आताचा आणि पुढचा अशा तिघांनी हात धरून चालायचं: आपल्या वेळी इंडोनेशिया, भारत आणि ब्राझील. देशभर बैठका झाल्या. नागरी संघटनांच्या गटाची सुरुवातीची बैठक मार्च २०२३मध्ये वर्ध्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवरच्या नागपूरला भरली.

९ सप्टेंबर २०२३ला दिल्लीच्या भारत मंडपममध्ये मोदींनी अध्यक्ष म्हणून प्रस्ताव ठेवला की आफ्रिकी महासंघाला कायम सदस्य करून घ्यावं. सगळ्यांनी होकार दिला. हातोडा पडला. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर उठले आणि आफ्रिकी महासंघाच्या अध्यक्षांना हाताशी धरून त्यांच्या खुर्चीपर्यंत घेऊन आले. हे अध्यक्ष कोण? कोमोरोस देशाचे राष्ट्राध्यक्ष अझाली असुमानी. आफ्रिकी महासंघातही पाळी आहे. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य असे पाच विभाग, दरवर्षी अध्यक्षपद वेगळ्या विभागाकडे. २०२३ हे पूर्वेचं वर्ष होतं आणि मान कोमोरोसला मिळाला. हिंदी महासागरातली तीन बेटं, नऊ लाखांच्या आत लोक, म्हणजे वर्धा जिल्ह्याहूनही लहान. त्या देशाच्या नेत्यानं ५५ देशांच्या आणि सुमारे १४० कोटी लोकांच्या वतीनं जगातल्या बड्यांच्या टेबलावर पहिल्यांदा जागा घेतली. एका पाळीच्या अध्यक्षानं दुसऱ्या पाळीच्या अध्यक्षाला आत घेतलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळे नेते राजघाटावर गेले. मोदी दारात उभे राहून एकेकाच्या गळ्यात खादीचं उपरणं घालत होते, आणि त्यांच्या पाठीमागं भव्य चित्र होतं ते सेवाग्रामच्या बापू कुटीचं. माती, बांबू आणि कौलांची ती झोपडी. जगातल्या बलाढ्य राष्ट्रांच्या प्रमुखांची त्या सकाळची छायाचित्रं जगभर गेली आणि प्रत्येकाच्या मागं आपल्या वर्ध्यातलं ते ठेंगणं छप्पर होतं.

पाळीच्या पद्धतीवर टीकाही भरपूर होते. सहा महिन्यांत काय होणार, एक शिकतो तोवर दुसरा येतो, असं लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे, आणि तीन देशांचे गट किंवा पूर्णवेळ अध्यक्ष हे उपाय त्यातूनच निघाले. तरीही मला वाटतं की पाळी मोडू नये. मोठ्यांच्या संस्थेत लहानाला दरवर्षी मत मागावं लागत असतं, तर एस्टोनिया, माल्टा किंवा लक्झेंबर्ग यांना ती खुर्ची किती पिढ्यांत मिळाली असती? आणि ज्या अधिकाऱ्यानं एकदा सहा महिने सगळ्यांची समजूत काढली, तो पुढं आपल्या देशाची बाजू मांडतानाही समोरच्याची अडचण ओळखून बोलतो. हे शिक्षण दुसऱ्या कुठल्या मार्गानं देणार?

जिल्ह्यातल्या नागरिकशास्त्राच्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. हा धडा फळ्यावर लिहून देऊ नका. वर्गातल्या सत्तावीस मुलांना सत्तावीस देश वाटून द्या, समोर माशांच्या वाट्याचा प्रश्न ठेवा, आणि अध्यक्षपद अशा मुलाला द्या ज्याच्या देशाला समुद्र नाही. पुढच्या तासाला अध्यक्ष बदला.